ऑफिस इंटिरिअरमध्ये येताय? आधी पॅन्ट्री कुठे टाकायची ते शिका

गेल्या महिन्यात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन जणींनी मला एकच प्रश्न विचारला, ताई ऑफिस इंटिरिअरमध्ये यायचंय, काय शिकून येऊ, रेंडरसाठी, म्हणजे डिझाइनचं खऱ्यासारखं चित्र काढायला, कुठलं सॉफ्टवेअर चांगलं. म्हणून एकदा सविस्तरच लिहिते. मी सांगलीची, शिकले पुण्यात, आणि गेली नऊ वर्षं फक्त ऑफिसेसच करतेय. ऑटोकॅड आणि स्केचअप यायलाच हवं, त्याबद्दल वेगळं काय सांगू, सहा महिन्यांत हात बसतो. जे कुणी शिकवत नाही ते सांगते.

आजकाल प्रत्येक क्लायंटच्या ब्रीफमध्ये, म्हणजे काय हवंय ते सांगतात त्यात, एक वाक्य असतंच, आमचे लोक एकमेकांशी बोलले पाहिजेत, टीम्स मिसळल्या पाहिजेत. माझ्या पहिल्या मोठ्या कामात पण होतं, खराडीला 220 सीटचा एक फ्लोर. मी काय केलं, खिडकीकडचा सगळ्यात भारी व्ह्यू असलेला कोपरा घेतला, तिथे बीनबॅग, झोपाळा, हिरवळीसारखं कार्पेट, भिंतीवर ग्राफिक, आणि प्रेझेंटेशनला सगळ्यांनी त्याचंच कौतुक केलं. हॅन्डओव्हर झाला, फोटो काढले, पोर्टफोलिओत टाकले. सहा-सात महिन्यांनी दोन केबिन वाढवायच्या होत्या म्हणून परत गेले तर त्या कोपऱ्यात कोणीच नाही, बीनबॅगवर कुरिअरचे बॉक्स ठेवलेले. आणि प्रिंटर आणि पाण्याच्या फिल्टरमधल्या जेमतेम चार फुटांत पाच जण उभे राहून बोलतायत, एकाच्या हातात लॅपटॉप उघडा. मला खूप लागलं ते. हाउसकीपिंगच्या मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मॅडम तिथं कोण बसत नाय, साहेबांची केबिन समोरच हाय की. बसलं की रिकामं दिसतंय माणूस."

दोन चुका होत्या माझ्या. एक त्यांनी सांगितली, बसायची जागा साहेबांच्या नजरेत. दुसरी माझी मला नंतर कळली, की त्या कोपऱ्याकडे जायला कुणाला काही कारणच नव्हतं. टॉयलेट दुसऱ्या टोकाला, लिफ्ट दुसऱ्या टोकाला, पाणी मध्ये. माणूस नुसतं बोलायला म्हणून उठत नाही हो, तो पाणी प्यायला उठतो आणि बोलणं वाटेत होतं. म्हणून फर्निचरच्या आधी वाट काढायची. प्लॅनवर प्रत्येक टीमपासून टॉयलेट, पॅन्ट्री, प्रिंटर, लिफ्टपर्यंत रेघा ओढा, वेगवेगळ्या टीम्सच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथेच तुमची भेटायची जागा, मग तिथे व्ह्यू असो नसो.

हे काही माझं संशोधन नाही. एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी 1970 च्या दशकात इंजिनिअर लोकांच्या टेबलांमधलं अंतर आणि त्यांचं आपसातलं बोलणं मोजलं होतं. अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने कमी होतं आणि साधारण 50 मीटरच्या पुढे जवळजवळ संपतंच. 50 मीटर म्हणजे आपल्या आयटी पार्कातल्या एका मोठ्या फ्लोरचं हे टोक ते ते टोक! म्हणजे एकाच मजल्यावर बसलेल्या दोन टीम्स एकमेकींना अनोळखी राहू शकतात, आणि मजला बदलला तर विचारूच नका.

आता प्रॅक्टिकल भाग. भाड्याच्या बिल्डिंगमध्ये टॉयलेट कोअरमध्ये, म्हणजे लिफ्ट-जिन्याच्या गाभ्यात, फिक्स असतात, ते हलत नाहीत. पॅन्ट्री हलते पण सिंकच्या ड्रेनेजला उतार लागतो, शाफ्टपासून, म्हणजे पाइप खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीपासून, लांब गेलात की फ्लोर उचलावा लागतो, मग पायरी किंवा रॅम्प, मग क्लायंटचा चेहरा बदलतो. म्हणून मी आता पॅन्ट्रीचे दोन भाग करते. सिंक, मायक्रोवेव्ह, डबे खायची जागा शाफ्टजवळ, आणि कॉफी मशीन आणि 20 लिटरच्या जारवाला डिस्पेन्सर मात्र रेघा छेदतात तिथे, कारण त्याला ड्रेनेज लागत नाही, प्लगपॉइंट असला की झालं. शेजारी उभं राहून टेकता येईल असा 1050 मिमी उंचीचा काउंटर द्यायचा, सोफा नको. सोफ्यावर बसलेला माणूस टाइमपास करतोय असं दिसतं, काउंटरला टेकलेला माणूस कामाचं बोलतोय असं दिसतं. विचित्र वाटेल पण आपल्याकडच्या ऑफिसात हे फार खरंय.

पॅसेजचं पण तसंच. 1200 मिमीच्या पॅसेजमध्ये दोन माणसं एकमेकांना ओलांडून जातात पण थांबू शकत नाहीत, मागचा अडकतो. मेन पॅसेज सगळीकडे नको पण दोन-तीन ठिकाणी 1800 करा, तिथे एक व्हाइटबोर्ड लावा. न्यू जर्सीतल्या मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये, जिथे 1947 ला ट्रान्झिस्टर बनला, मुद्दाम लांबच लांब कॉरिडॉर ठेवले होते, म्हणजे जेवायला जाताना चार दारांवरून जावंच लागणार.

पण याचा अतिरेक पण होतो आणि तो नवीन मुलं जास्त करतात, म्हणून इथे जरा थांबते. भिंती काढल्या की लोक बोलतील असं नाही. हार्वर्डच्या बर्नस्टाइन आणि टर्बन यांचा 2018 चा अभ्यास आहे, दोन मोठ्या कंपन्यांनी पार्टिशन काढून सगळं ओपन केल्यावर समोरासमोरचं बोलणं साधारण 70 टक्क्यांनी कमी झालं आणि ईमेल-मेसेज वाढले. सगळ्यांचं सगळं ऐकू येतंय म्हटल्यावर माणूस हेडफोन लावून बसतो. पिक्सारच्या 2000 साली उघडलेल्या ऑफिसात स्टीव्ह जॉब्जना सगळी टॉयलेटं मधल्या हॉललाच हवी होती, म्हणजे सगळे तिथे येतील, पण लोकांनी विरोध केला आणि शेवटी जास्तीची द्यावी लागली. मला यातला विरोध महत्त्वाचा वाटतो. गरोदर बाई, गुडघे दुखणारा माणूस, यांना दूर चालायला लावून होणारी भेट मला नको.

म्हणून कॉफी काउंटर जितका मोकळा, तितक्याच शांत जागा पण द्याच. फोन बूथ, दोन माणसांच्या छोट्या मीटिंग रूम. आणि त्यांचं पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंत नाही तर वरच्या स्लॅबपर्यंत न्या, आत ग्लासवूल भरा. ही चूक मी केलेली आहे, खालून सगळं छान दिसत होतं आणि एचआरच्या रूममधलं बोलणं सीलिंगवरून शेजारच्या टीमला ऐकू जात होतं. कुणाच्या पगाराचं, कुणाच्या राजीनाम्याचं. ते नंतर दुरुस्त करायला चालू ऑफिसात दोन शनिवार-रविवार गेले. ड्रॉइंगमध्ये सेक्शन, म्हणजे रूमचा उभा छेद, काढला असता तर कागदावरच दिसलं असतं, तेव्हापासून मी प्रत्येक रूमचा सेक्शन काढल्याशिवाय जीएफसी, म्हणजे साइटवर कामाला द्यायचं पक्कं ड्रॉइंग, सोडत नाही.

ब्रीफ घेताना फक्त डायरेक्टरशी बोलू नका. ॲडमिनवाले, रिसेप्शनच्या ताई, हाउसकीपिंग, आयटी सपोर्टचा मुलगा, यांना माहीत असतं कोण कुठे थांबतं. आणि जुन्या ऑफिसात अर्धा दिवस बसायची परवानगी मागा. ए थ्री वर प्लॅनची प्रिंट, पेन्सिल, दर पंधरा मिनिटांनी जिथे दोन किंवा जास्त माणसं बोलताना दिसतील तिथे टिंब. नावं लिहायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत, आणि आधी सगळ्यांना सांगून बसायचं, नाहीतर लोकांना वाटतं मॅनेजमेंटने लक्ष ठेवायला पाठवलंय.

इंटर्नशिपला लागलात की पहिल्याच महिन्यात सिनियरला विचारा, वर्षभरापूर्वी हॅन्डओव्हर झालेल्या एखाद्या साइटवर मला न्याल का. बहुतेक जण क्लायंटला फोन करून परवानगी काढून देतात. जाताना चहाची वेळ धरा, दुपारी साडेतीन ते साडेचार, आणि प्लॅनची कोरी प्रिंट दोन प्रती न्या, एक खराब होतेच.