एका स्विचवरून दुसऱ्या स्विचवर एसएसएचने जाण्यापूर्वीची तयारी

दुसऱ्या इमारतीतल्या सिस्को कॅटलिस्ट स्विचवर पहिल्या स्विचवरून एसएसएचने (नेटवर्कवरून दूरच्या उपकरणात कूटबद्ध जोडणीने शिरण्याची पद्धत) लॉग इन करायचे असेल, तर बहुतेक काम तिथे कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी केबल) लावलेली असतानाच उरकून घ्यावे, कारण एखादी ओळ राहून गेल्याचे नंतर लक्षात आले तर पुन्हा तिथवर चालत जाण्यावाचून गत्यंतर नसते.

सर्वप्रथम दोन्ही स्विचना ठिकाण सांगणारी वेगवेगळी होस्टनेम (उपकरणाची नावे) द्यावीत. मूळचे ‘स्विच’ हेच नाव ठेवले तर एसएसएचला लागणारी आरएसए की (कूटबद्धतेची किल्ली) तयार करताना अडते, शिवाय दोन्हीकडे सारखाच प्रॉम्प्ट (कमांड लिहिण्याच्या जागी दिसणारे नाव) दिसत असल्याने आपण नेमके कुठे आहोत हे कळत नाही आणि भलताच पोर्ट बंद केला जातो. त्यानंतर डोमेन नेम देऊन 2048 बिटांची की तयार करावी. 768 बिटांहून लहान कीवर एसएसएचची दुसरी आवृत्ती चालत नाही.

मॅनेजमेंट व्हीलॅनला (स्विच हाताळण्यासाठी ठेवलेल्या आभासी नेटवर्कला) आयपी पत्ता दिला म्हणजे झाले, असे समजू नये. त्या व्हीलॅनमधला किमान एक पोर्ट किंवा त्याला वाट देणारा ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहून नेणारा दुवा) चालू असल्याशिवाय तो इंटरफेस ‘अप’ होत नाही. स्विच वेगवेगळ्या सबनेटमध्ये (पत्त्यांच्या गटांत) असतील तर डिफॉल्ट गेटवे (दुसऱ्या सबनेटकडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता) दोन्हीकडे हवा, कारण उत्तराचे पॅकेटही परत यायचे असते. युजरला ‘सीक्रेट’ पासवर्ड द्यावा आणि 0 ते 15 या सगळ्या व्हीटीवाय लाइनवर (दुरून लॉग इन करण्याच्या आभासी वाटांवर) ‘लॉगिन लोकल’ व ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’ लिहावे, म्हणजे पासवर्ड उघड्या मजकुरात पाठवणारे टेलनेट आपोआप बंद होते.

खरी चूक होते ती ॲक्सेस लिस्टमध्ये, म्हणजे कोणत्या पत्त्यांना आत येऊ द्यायचे त्या यादीत. आपण लॅपटॉपवरून पहिल्या स्विचवर आणि तिथून पुढे गेलो, तरी दुसऱ्या स्विचला लॅपटॉपचा पत्ता दिसतच नाही, पहिल्या स्विचचाच दिसतो. म्हणून दुसऱ्या स्विचच्या व्हीटीवायवर ‘ॲक्सेस-क्लास’ने अशी यादी लावली असेल तर परवानगी पहिल्या स्विचच्या पत्त्याला द्यावी, आणि पहिल्या स्विचला अनेक पत्ते असतील तर ‘आयपी एसएसएच सोर्स-इंटरफेस’ने त्यांतला एक ठरवून टाकावा. पहिल्या स्विचवर ज्या व्हीटीवाय लाइनने आपण आत येतो, तिच्यावर ‘ट्रान्सपोर्ट आउटपुट नन’ असेल तर तिथून बाहेर पडताच येत नाही, हेही पाहून ठेवावे.

कंट्रोल, शिफ्ट आणि 6 एकत्र दाबून सोडावे व मग एक्स दाबावे, की आपण पहिल्या स्विचवर परततो. मात्र पुढचे सेशन तसेच उघडे राहते, ते ‘शो सेशन्स’मध्ये पाहून ‘डिस्कनेक्ट’ने बंद करावे.

दूर बसून ॲक्सेस लिस्ट किंवा ट्रंक बदलायचा असेल, तर आधी चालू कॉन्फिगरेशन सेव्ह करून ‘रिलोड इन 10’ द्यावे आणि बदल सेव्ह न करता करून पाहावा. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगरेशनवर उठतो. टिकला तर ‘रिलोड कॅन्सल’ देऊन मगच नवा बदल सेव्ह करावा.