कमी उजेडातली कामं: कोल्हापुरातल्या नव्या फोटोग्राफरांसाठी

या धंद्यात नव्यानं येणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅमेरा किती मेगापिक्सेलचा घेऊ? मी विचारतो, फ्लॅश न लावता रात्री काय काय टिपता येईल ते बघितलंस का? कोल्हापुरातली खरी बघण्यासारखी दृश्यं बहुतेक कमी उजेडातच असतात. पहाटेची तालीम, लग्नानंतरचा गोंधळ, गुऱ्हाळ, त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर लागणाऱ्या पणत्या.

रोलच्या काळात ४०० आयएसओचा रोल घालायचा (आयएसओ म्हणजे उजेडाला दाद देण्याची क्षमता), फार तर १६०० ला पुश करून, म्हणजे १६०० चा समजून काढून जास्त वेळ धुवायचा आणि खसखस सांडल्यासारखा ग्रेन, म्हणजे फोटोतले दाणे, सोसायचा. २००७ मध्ये निकॉन डी३ हा डिजिटल कॅमेरा आला आणि ६४०० आयएसओला काढलेला फोटो वर्तमानपत्रात निर्धास्त छापता येऊ लागला. २०१४ च्या सोनी ए७एसमध्ये आयएसओचा आकडा ४,०९,६०० पर्यंत पोचला. तो टोकाचा आकडा रोजच्या कामाचा नाही. पण आज मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यावरही ६४०० ला पैसे घेऊन काम करता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

तालमीचा हिशेब बघा. एफ २.८ अ‍ॅपर्चरवर (म्हणजे लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं), ४०० आयएसओला खिडकीच्या उजेडात शटर १/१५ सेकंद मिळत असेल, तर फक्त उभा पैलवान स्थिर येतो. तोच उजेड, तेच अ‍ॅपर्चर ठेवून ६४०० ला गेलात की शटर १/२५० होतं. आता पकड येते, मानेवरची शीर येते, अंगावर उधळलेली तांबडी माती येते. ढाक किंवा धोबीपछाड हवेत गोठवायचा तर १/५०० तरी पाहिजे, म्हणजे १२,८००. फ्लॅश मारून हेच करता येईल, पण तालमीत तो चालत नाही. एका वस्तादांनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं, "उजेड मारू नगंस बाबा, पोरं लढत्यात." एवढं ऐकलं की मग तालमीत कुणी अडवत नाही.

गोंधळाचं तर त्याहून पुढचं. दिवटीच्या ज्योतीत गोंधळ्याचा अर्धा चेहरा उजळतो, अर्धा अंधारात राहतो, आणि सगळी जान त्यातच असते. फ्लॅशनं ती ज्योत फिकी पडते आणि मागची भिंत, तिच्यावरचं कॅलेंडर पुढे येतं. गुऱ्हाळात वेगळी अडचण आहे: उकळत्या काहिलीवरची वाफ फ्लॅशचा उजेड परत फेकते, समोर नुसता पांढरा पडदा. फ्लॅश बंद ठेवला तर चुलवाणातल्या जाळाचा तांबूस उजेड त्याच वाफेत भरून दिसतो.

आता नॉइजबद्दल, म्हणजे डिजिटल फोटोत उठणाऱ्या रवाळ ठिपक्यांबद्दल. नॉइज मुख्यतः उजेड कमी मिळाल्यामुळे येतो. आयएसओचा आकडा वाढवला म्हणून उजेड कमी होत नाही. नवखी मुलं १६०० च्या वर जायला घाबरतात, अंधारा फोटो काढतात आणि घरी येऊन संगणकावर उजळवतात. त्यात फायदा काहीच नाही. काही कॅमेऱ्यांत उलट सावल्यांत पट्टे उठतात. गरज असेल तेवढा आयएसओ जागेवरच लावा आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. थोडा ग्रेन गिऱ्हाईक खपवून घेतं, हललेला चेहरा नाही.

पैसे मोजकेच असतील तर बॉडीआधी लेन्स घ्या. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स ५० मिमीला साधारण एफ ५.६ वर येते. ५० मिमी एफ १.८ ची साधी लेन्स तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते, आणि जुनी मिळाली तरी चालते. फक्त १.८ वर फोकसची खोली फार कमी असते. जवळून काढताना फोकस डोळ्यावरच हवा. नाकावर गेला तर फोटो वाया जातो.

मांडवातल्या एलईडी दिव्यांकडे लक्ष ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर वेगवान केलं की फोटोत आडवे पट्टे येतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर ते जास्तच दिसतात. १/१०० किंवा १/५० वर या, नाहीतर कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर सोय चालू करा.

सरावासाठी त्रिपुरी पौर्णिमेची पहाट सोडू नका. पूर्ण अंधारात पणत्या जळून पांढऱ्या पडतात आणि बाकी घाट काळा येतो. सूर्योदयाआधी अर्धा-पाऊण तास आभाळ निळं व्हायला लागतं, तेव्हा पणत्या, पाणी आणि माणसांचे चेहरे एकाच एक्स्पोजरमध्ये बसतात. त्याआधीच पोचून जागा धरा, कारण घाटावर गर्दी असते आणि ट्रायपॉड पायऱ्यांवर लोकांच्या पायात येतो. म्हणूनच ३२०० ते ६४०० ला हातात धरून काढायची सवय करा. एक्स्पोजरचा अंदाज ज्योतीवर घेऊ नका. पणतीच्या उजेडात आलेल्या चेहऱ्यावर घ्या, आणि ज्योत थोडी जळली तर जळू द्या.