बदललेल्या सांध्यात परत परत इन्फेक्शन होतंय? या चुका टाळा

रिप्लेसमेंट झालेला गुडघा किंवा खुबा दुखायला लागला, गरम लागतोय, सूज आलीय, की पहिलं काय होतं तर घरात उरलेली अँटिबायोटिकची स्ट्रिप शोधली जाते. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चार गोळ्यांनी दुखणं जरा दबतं, पण नंतर सांध्यातलं पाणी काढून कल्चरला (लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला) पाठवलं तर रिपोर्ट 'नो ग्रोथ', म्हणजे काहीच वाढलं नाही, असा येऊ शकतो, मग जंतू कुठला नि त्याच्यावर औषध कुठलं चालेल हे कळणार कसं? पेशंट स्टेबल असेल तर म्हणूनच सॅम्पलच्या आधी साधारण 2 आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवायला सांगतात. थंडी वाजून ताप, बीपी खाली असं असेल तर मात्र थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि दोन-तीन दिवसांत कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो समजू नका, काही जंतू इतके संथ असतात की लॅबला 14 दिवस वाट बघावी लागते, खांद्यात तर हे बरेचदा.

"रिपोर्टमध्ये सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध चालेल, असं लिहिलंय, इंजेक्शनंही झाली, तरी परत कसं?" कारण जंतू इम्प्लांटवर चिकट थर करून बसतात, त्याला बायोफिल्म म्हणतात, आतले बरेच जंतू जवळपास झोपलेले असतात, आणि बहुतेक अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूंनाच मारतात. म्हणजे हा रेझिस्टन्स (जंतूवर औषधच न चालणं) नाहीच, पण अर्धवट कोर्स करत राहिलात की खरा रेझिस्टन्सही येऊन बसू शकतो. रिफाम्पिसिन हे अँटिबायोटिक स्टॅफिलोकोकस या जंतूच्या बायोफिल्मवर चांगलं चालतं पण एकटं दिलं तर पटकन निकामी होतं, त्यामुळे जोडीचं औषध पित्त होतं म्हणून परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, बदलून देतील.

बरं वाटलं की कोर्स आटपायचा, हेही नको. फ्रान्समधल्या एका ट्रायलमध्ये (2021 साली छापून आली) 6 आठवड्यांच्या कोर्समध्ये सुमारे 18 टक्के लोकांचं इन्फेक्शन टिकून राहिलं, 12 आठवड्यांच्यात सुमारे 9.

उशीर पण करू नका. लक्षणं सुरू होऊन दोन-तीन आठवडेच झाले असतील आणि इम्प्लांट घट्ट असेल तर आत साफ करून, प्लॅस्टिकचा भाग बदलून सांधा वाचवता येतो. बायोफिल्मचा थर पिकला की बहुतेक वेळा सगळंच इम्प्लांट काढावं लागतं, मधे अँटिबायोटिक मिसळलेला सिमेंटचा स्पेसर (जागा धरून ठेवणारा तात्पुरता तुकडा), मग नवा सांधा बसवायला दुसरं ऑपरेशन.

जखमेजवळ छिद्र पडून पाणी किंवा पू येत असेल तर महिनोन्‌महिने नुसती पट्टी बदलत बसू नका, ते छिद्र सांध्यापर्यंत जात असेल तर इन्फेक्शन पक्कंच धरतात. त्या छिद्राचा स्वॅब पाठवून त्यावर औषध ठरवणं हेही चुकीचं, त्यात बरेचदा कातडीवरचेच जंतू येतात, सॅम्पल आतून घ्यायला हवं, तेही एक नाही, ऑपरेशनमध्ये वेगवेगळ्या जागेचे निदान तीन-चार तुकडे.