पहिलं १९११ घेताना: कमी पैशात चांगलं पिस्तूल कसं पारखायचं

इथे ओहायोत रेंजवर भेटणाऱ्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांना पहिलं पिस्तूल १९११च (हे मॉडेलचं नाव) हवं असतं, आणि खिशात साधारण पाचशे डॉलर असतात. दुकानात त्यांना हमखास सांगतात, एवढ्यात चांगलं १९११ येत नाही, दुप्पट पैसे साठवा. मला हे पटत नाही. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूममध्ये घडलो, पोटापाण्याला आजही लोखंडच कापतो. साध्या पद्धतीचं, पूर्ण आकाराचं, पाच इंच नळीचं १९११ या पैशात उत्तम मिळतं. फक्त ते हातात घेऊन पारखता आलं पाहिजे.

आधी कायदा, कारण त्यात चुकलात तर बाकी सगळं व्यर्थ. तुम्ही अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल आणि वय २१ पूर्ण असेल, तर परवानाधारक दुकानातून फॉर्म ४४७३ (खरेदीदाराचा संघीय फॉर्म) भरून, पार्श्वभूमी तपासणी होऊन पिस्तूल घेता येतं. एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच. बाळगणं म्हणजे केवळ विकत घेणं नव्हे, हेही लक्षात ठेवा. आणि मित्राने कितीही गळ घातली तरी त्याच्या पैशाने, त्याच्यासाठी, स्वतःच्या नावावर पिस्तूल घेऊ नका. तो गंभीर गुन्हा आहे. राज्याराज्यांचे नियम वेगळे: न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलासाठी आधी खरेदीचा परमिट लागतो, इलिनॉयमध्ये एफओआयडी (बंदूकधारकाचं ओळखपत्र) कार्ड, कॅलिफोर्नियात दुकानदाराला मंजूर यादीतलीच नवी मॉडेलं विकता येतात. न्यू जर्सीत दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझीन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) चालत नाही, पण १९११ला त्याची अडचण नाही. त्याचं मूळ मॅगझीन सात गोळ्यांचं आहे.

आता स्वस्तात चांगलं कसं मिळतं ते सांगतो. जॉन ब्राउनिंगचं हे पिस्तूल अमेरिकी सैन्याने मार्च १९११मध्ये स्वीकारलं आणि १९८५पर्यंत ते अधिकृत राहिलं. दुसऱ्या महायुद्धात एकट्या कोल्टला मागणी पुरी करता येईना, म्हणून टाइपरायटर बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडला काम दिलं आणि त्या युद्धात सर्वांत जास्त १९११ त्यांनीच बनवली. आपल्याकडे घरोघरी ज्यांचं शिलाई मशीन होतं, त्या सिंगरनेही ५०० बनवली. टाइपरायटरचा कारखाना हे करू शकला, कारण नकाशे, गेज आणि मापं पक्की होती आणि सुटे भाग अदलाबदल होण्याजोगे होते. हीच रचना आज फिलिपिन्स, तुर्कस्तान आणि ब्राझीलमध्ये सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर बनते. किंमत कमी असण्यामागे मजुरीचा आणि पॉलिशचा वाटा मोठा आहे. पोलाद कमअस्सल असतं म्हणून नव्हे.

पाचशेच्या आसपास मुख्यतः तीन नावं समोर येतील. रॉक आयलंड आर्मरी, जी फिलिपिन्सच्या मारिकिना शहरात आर्म्सकोर बनवते, तुर्कस्तानातली टिसास, आणि तिथलीच गिरसान. टिसासची फ्रेम (खालचा सांगाडा) आणि स्लाइड (वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) फोर्ज केलेली, म्हणजे दाबून घडवलेली असते, रॉक आयलंडची फ्रेम कास्ट, म्हणजे ओतीव असते. कास्टिंग म्हटलं की लोक नाक मुरडतात. फाउंड्रीच्या गावात वाढलेला माणूस म्हणून सांगतो, नीट ओतलेली आणि नीट उष्णोपचार केलेली कास्ट फ्रेम तुमच्या हातून झिजणार नाही. रुगरसारखी अमेरिकन कंपनीसुद्धा आपल्या १९११ची फ्रेम कास्टच करते. माझा कल टिसासकडे आहे, पण तो भागांच्या फिनिशमुळे. सातशे-आठशेपर्यंत जाता येत असेल तर स्प्रिंगफील्डचं मिल-स्पेक बघा.

साइट (नेम धरायच्या खुणा) आणि मुठीवरचं शेपूट यांबाबत मात्र विचार करून घ्या. सैन्याच्या जुन्या नमुन्याच्या पिस्तुलावर साइट इतक्या बारीक असतात की चाळिशीनंतर दिसणं कठीण. त्याचं ग्रिप सेफ्टीचं (मुठीमागचा खटका, तो हाताने दाबला तरच पिस्तूल चालतं) शेपूटही आखूड असतं, त्यामुळे भरलेल्या हाताचं अंगठ्याजवळचं मांस हॅमरखाली (मागच्या घोड्याखाली) चिमटतं. साठ-सत्तर डॉलर जास्त देऊन मोठ्या साइटचं आणि लांब शेपटाचं मॉडेल घ्या. "नंतर बदलून घेऊ" हा विचार इथे महागात पडतो, कारण नव्या साइटसाठी स्लाइडमध्ये खाच कापावी लागते आणि शेपटासाठी फ्रेमला गोलाई द्यावी लागते. ते मशीनिंगचं काम आहे, मजुरी चांगलीच लागते. ट्रिगरची लांबी किंवा मुठीची मागची पट्टी मात्र थोडक्यात बदलता येते. बोटं आखूड असतील तर आखूड ट्रिगर मागा. १९२०च्या दशकात ए-१ आवृत्तीत सैन्याने तो याचसाठी आणला.

काडतूस कोणतं, पंचेचाळीस (०.४५ इंची) की नऊ मिलिमीटर? पंचेचाळीसच्या हजार गोळ्यांना आजच्या भावाने जवळपास त्या पिस्तुलाइतकेच पैसे जातात, नऊला साधारण निम्मे. दर आठवड्याला रेंजवर जाणार असाल किंवा मनगट नाजूक असेल तर नऊ घ्या. नाहीतर माझं मत पंचेचाळीस. सगळी यंत्रणा त्या काडतुसाच्या मापाने बेतलेली आहे, आणि किलोभराहून जड असलेल्या या पिस्तुलात धक्का लोक घाबरतात तेवढा बसत नाही. तीन इंची नळीचं छोटं १९११ कितीही गोंडस दिसलं तरी पहिलं म्हणून घेऊ नका. स्लाइडचा प्रवास कमी असल्याने त्याची स्प्रिंगांची गणितं फार नाजूक असतात.

आता काउंटरवरची पारख. नवं असो वा जुनं, ही करायचीच. मॅगझीन काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. नळीचं तोंड कायम निर्धोक दिशेला ठेवा. रिकामा ट्रिगर दाबायची परवानगी दुकानदाराकडून घ्या. रिकाम्या चेंबरवर स्लाइड धाडकन सोडू नका, हाताने धरून पुढे न्या. सिअर (चढवलेला हॅमर अडवून धरणारा भाग) आणि हॅमरच्या बारीक कडा अशानेच खराब होतात.

हॅमर चढवा, थंब सेफ्टी (अंगठ्याने लावायचा खटका) लावा आणि ट्रिगर जोर देऊन दाबा. सोडा. सेफ्टी काढा, हॅमर जागचा हलता कामा नये. मग पिस्तूल कानाजवळ नेऊन हॅमर अंगठ्याने अगदी हळू किंचित मागे ओढा. बारीकसा टिक आवाज आला, तर सेफ्टी लावलेली असतानाही सिअर सरकला होता. असं पिस्तूल परत द्या, मग किंमत कितीही कमी असो. ही चाचणी फारसं कोणी करत नाही, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची हीच.

पुढे, मूठ अशी धरा की ग्रिप सेफ्टी दाबली जाणार नाही आणि ट्रिगर दाबा. हॅमर पडू नये. चढवलेल्या हॅमरला अंगठ्याने मागून बेताने पुढे रेटा. तेव्हाही पडू नये. स्लाइड सेंटीमीटरभर मागे धरून ट्रिगर दाबा, दाबलेला ठेवूनच स्लाइड पुढे जाऊ द्या. हॅमर वरच राहिला पाहिजे. ट्रिगर सोडून पुन्हा दाबलात की मगच पडावा.

स्लाइड बंद असताना काडतूस बाहेर पडायच्या खिडकीतून नळीच्या मागच्या भागावर अंगठ्याने दाब द्या. तिथे नळी लचकत असेल तर लॉकिंग सैल आहे. स्लाइड फ्रेमवर आडवी थोडी हलली तर बिघडत नाही. विक्रेते या खडखडाटाची फार भीती घालतात, पण सैन्याची पिस्तुलं तशीच वाजायची आणि चिखलातही चालायची. शेवटी स्लाइड मागे करून चढणीकडे पाहा, जिथून काडतूस वर सरकतं. फ्रेमची चढण आणि नळीची चढण यांच्यात पाऊण मिलिमीटरची पायरी हवी. नळीची कड मागे येऊन फ्रेमच्या चढणीवर डोकावत असेल तर काडतुसं तिथेच अडकतील. जुन्या पिस्तुलाच्या डाव्या अंगावर स्लाइड स्टॉपखाली (स्लाइड मागे अडकवायच्या खटक्याखाली) कमानीसारखा ओरखडा दिसेल. तो खोललेलं पिस्तूल पुन्हा जोडताना पडतो, त्याने काही बिघडत नाही, पण भाव पाडायला उपयोगी आहे.

उरलेले पैसे मॅगझीनवर घाला. स्वस्त १९११ अडखळतं तेव्हा पुष्कळदा दोष मॅगझीनचा असतो. मेक-गार किंवा विल्सन कॉम्बॅटची दोन घ्या आणि प्रत्येकावर नंबर टाका, म्हणजे कोणतं अडतं ते लगेच कळेल. पिस्तुलाबरोबर दुकानदाराने कुलूप देणं कायद्याने बंधनकारक आहे, पण घरात मुलं असतील तर छोटी तिजोरीही याच बजेटमध्ये धरा.

घरी आणल्यावर खोलून कारखान्याचं संरक्षक तेल पुसून काढा आणि स्लाइडच्या खाचांत चांगलं तेल भरा. हे पिस्तूल तेलावर चालतं. पंचेचाळीस असेल तर सुरुवातीला २३० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साधी, गोल टोकाची, तांब्याचं आवरण असलेली काडतुसंच वापरा. पहिल्या दोनशे गोळ्यांत एखाददुसरी अडली तर घाबरू नका, भाग एकमेकांवर बसत असतात. त्यानंतरही वेगवेगळ्या मॅगझीनमध्ये तोच त्रास होत असेल, तर स्वतः कानस लावू नका, वॉरंटीत पाठवा. पंचेचाळीसची मूळ रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) १६ पौंडांची असते. दोन-तीन हजार गोळ्यांनंतर, किंवा रिकामी टरफलं नेहमीपेक्षा लांब उडायला लागली की, ती बदला. दहा-बारा डॉलरला मिळते.