मागचं सील बदलण्याआधी ऑइल कुठून येतंय ते शोधा

१ जूनला मासेमारी बंद झाली आणि बोटी रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या धक्क्याला लागल्या की इंजिनाची कामं निघतात. सगळ्यात जास्त वेळा कानावर येतं ते एकच : "मागचं सील गेलंय, ऑइल गळतंय." इंजिनाच्या मागच्या टोकाला, क्रँकशाफ्ट बाहेर येतो तिथे, ऑइल अडवणारं कडं म्हणजे हे सील. ते बदलायचं म्हणजे पंख्याच्या शाफ्टची कपलिंग सोडवा, गिअर बॉक्स मागे घ्या, फ्लायव्हील उतरवा. एवढं उघडून नवीन सील बसवलं आणि ऑगस्टमध्ये पहिल्याच फेरीला ते परत गळायला लागलं, असं मी बऱ्याच बोटींवर पाहिलंय. कारण गळती सीलची नव्हतीच. ऑइल वरून ओघळतं, ब्लॉकच्या कडेने मागे येतं आणि बेल हाउसिंगच्या (फ्लायव्हीलवरच्या कव्हरच्या) खाली थेंब धरतं.

म्हणून पहिलं काम धुण्याचं. इंजिन थंड असताना डिग्रीझर लावून ब्रशने घासा, अल्टरनेटर आणि स्टार्टर झाकून ठेवा, मग कोरड्या चिंधीने पुसून घ्या. संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा. इंजिन चालू करून गरम होऊ द्या आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. पावडर जिथे सगळ्यात वर ओली झाली, तिथून शोध सुरू करायचा. मागच्या बाजूला टॅपेट कव्हरचा (इंजिनाच्या वरच्या झाकणाचा) कोपरा नेहमी तपासा, तिथलं पॅकिंग फार फसवतं. गिअर बॉक्सलाही इंजिनाचंच ऑइल घालत असाल तर नुसत्या रंगावरून काही कळणार नाही. दोन्हीकडच्या डिपस्टिक बघा, कुठली लेव्हल उतरते ते कळेल.

चालू इंजिनाच्या डिझेल पाइपवर हात फिरवून गळती शोधू नका. इंजेक्टरकडे जाणाऱ्या पाइपातली बारीक फवारणी कातडीतून आत घुसते. आणि ऑइल एक्झॉस्टवर किंवा टर्बोवर पडत असेल तर इंजिन तिथेच बंद करा. बोटीला आग लागायला तेवढं पुरतं.

आता ब्रीदर. याच्याकडे कोणी बघत नाही, आणि माझ्या मते अर्ध्या गळत्यांचं मूळ इथे असतं. पिस्टनच्या रिंगमधून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भागात, उतरतोच. तो बाहेर पडायची वाट ब्रीदर. त्याची जाळी काजळी आणि चिकट ऑइलने बुजली, किंवा नळी कुठे दबली, की आतलं प्रेशर वाढतं आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर ढकललं जातं. एकाच वेळी पुढचं सील, टॅपेट कव्हर, डिपस्टिकची नळी असं सगळंच ओलं दिसलं तर आधी ब्रीदर काढून धुवा. तो साफ असूनही ऑइल भरायचं झाकण सैल केल्यावर धूर भकाभका येत असेल, तर रिंगा झिजल्यात. तिथे सील बदलून पैसे घालवू नका.

दुसरी गोष्ट लेव्हलची. बोटीत इंजिन बहुधा मागे कललेलं असतं, त्यामुळे चेंबरमधलं ऑइल मागच्या बाजूला जमतं. डिपस्टिकची खूण त्या उतारासाठी केलेली नसेल तर तुम्ही जास्त ऑइल भरत राहता. त्यातून ऑइल मागच्या सीलवर चढतं. लेव्हल आपोआप वाढतेय आणि ऑइल पातळ होऊन डिझेलचा वास येतोय? मग फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, फाटलेला असू शकतो. अशा वेळी इंजिन चालवूच नका, बेअरिंगं जातील.

बाहेर कुठेच थेंब नाही, तरी ऑइल कमी होतंय, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यावर तवंग दिसतोय : ऑइल कूलर, म्हणजे पाण्याने ऑइल थंड करणारा भाग, बघा. इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त असतं म्हणून ऑइल पाण्यात जातं. बंद केल्यावर उलटं, खारं पाणी ऑइलमध्ये. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं तर इंजिन फिरवू नका. कूलर काढून, एका बाजूने बूच मारून, पाण्यात बुडवून हवा द्या. कंपनीने सांगितलंय तेवढ्याच प्रेशरने. बुडबुडे दिसले की नळी फुटलीय. कूलरला झिंक (गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) असेल तर या बंदीतच बदला.

दुरुस्तीतल्या छोट्या गोष्टी. कॉर्कचं पॅकिंग जास्त आवळलं की ते बाहेर सरकतं, चिरतं. सिलिकॉन पातळ थरात लावा. त्याच्या गाठी सुटून चेंबरच्या जाळीत अडकतात. तांब्याचा वॉशर परत वापरायचा तर लाल तापवून पाण्यात बुडवा, मऊ होतो. फिल्टर बदलताना जुना रबर हाउसिंगला चिकटून राहिला नाही ना, हे बोट फिरवून पाहा. दोन रबर एकावर एक बसले तर ऑइल पिचकारीसारखं उडतं. सीलची स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. सील बसतं तिथे क्रँकशाफ्टवर नखाला लागेल एवढा चर पडला असेल तर नवीन सीलही टिकणार नाही, त्यावर स्लीव्ह (धातूचं पातळ कडं) चढवा.

बिल्जमधलं (बोटीच्या तळाशी साचलेलं) ऑइल चिंध्यांनी किंवा शोषणाऱ्या पॅडने टिपून डब्यात काढा. साबण टाकून पंपाने बंदरात सोडू नका, ते मासळीच्याच पोटात जातं. मग इंजिन लोडवर चालवून, बंद करून, थंड झाल्यावर टॅपेट कव्हरचे बोल्ट एकदा हलक्या हाताने तपासा.