बाससाठी मऊ प्लॅस्टिकचे जर्कबेट कसे निवडावे

अमेरिकेतील तलावांत लार्जमाउथ बास हा शिकारी मासा गळाने धरण्यासाठी मऊ प्लॅस्टिकचे जर्कबेट (माशाच्या आकाराचे कृत्रिम आमिष) घेताना आधी त्या पाण्यातला बास कोणते मासे खातो हे पाहावे, कारण दोरीला झटका देताच वेडेवाकडे सरकणारे हे आमिष शॅडसारख्या जखमी माशाचा भास निर्माण करते. सुरुवातीला झूम कंपनीच्या सुपर फ्लूकसारखे सुमारे ५ इंचांचे आमिष पुरेसे असते. तलावातील शॅड लहान असतील तर ४ इंचांचे घ्यावे.

रंगापेक्षा बुडण्याचा वेग अधिक महत्त्वाचा आहे, असे माझे ठाम मत आहे. प्लॅस्टिकमध्ये मीठ जितके जास्त, तितके आमिष जड होते आणि लवकर खाली जाते. म्हणून पाणी थंड आणि बास सुस्त असताना सावकाश बुडणारे आमिष निवडून दोन झटक्यांमध्ये भरपूर थांबावे. फ्लुरोकार्बन या जड प्लॅस्टिकची दोरी स्वतःच बुडते आणि आमिषाला खाली ओढते, हेही निवडताना लक्षात ठेवावे.

नितळ पाण्यात अर्धपारदर्शक किंवा चंदेरी, तर गढूळ पाण्यात ठळक पांढरा रंग घ्यावा.

पोटाला खाच असलेल्या आमिषात ४/० किंवा ५/० मापाचा रुंद वळणाचा ऑफसेट (दोरी बांधायच्या टोकाजवळ वाकवलेला) गळ नीट बसतो, आणि त्याचे टोक पाठीच्या प्लॅस्टिकमध्ये किंचित लपवल्यास तो पाणवनस्पतींत अडकत नाही. गळ मात्र अगदी मध्यरेषेत ओवावा, अन्यथा आमिष गरगर फिरून दोरीला पीळ पडतो. पाकिटात वाकलेले आमिषही असेच फिरते. ते काही क्षण गरम पाण्यात धरून सरळ करावे आणि सपाट ठेवून थंड होऊ द्यावे.