चंद्रही पृथ्वीला तितक्याच बलाने ओढतो : गुरुत्वाकर्षण शिकताना या चुका टाळा

पृथ्वीचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे ८१ पट आहे. मग चंद्र पृथ्वीला किती बलाने ओढतो, असे विचारले की दहावीचेच नव्हे, तर पदवीचे विद्यार्थीही पुष्कळदा ‘८१ पट कमी’ असे सांगून मोकळे होतात. खरे उत्तर ‘तितक्याच बलाने’ असे आहे. न्यूटनच्या सूत्रात बल हे दोन्ही वस्तुमानांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, आणि गुणाकारात कोणती संख्या आधी लिहिली याने काहीच बदलत नाही.

ही चूक बल आणि त्वरण यांच्या गल्लतीतून होते. बल समान असले तरी त्वरण म्हणजे बल भागिले वस्तुमान, त्यामुळे ८१ पटींचा फरक दिसतो तो त्वरणात. चंद्राच्या ओढीने पृथ्वीही हलते : दोघेही ज्या सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात, ते पृथ्वीच्या मध्यापासून सुमारे ४,६७० किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातच असते. झाडावरून पडणारे १०० ग्रॅमचे सफरचंदही पृथ्वीला सुमारे एक न्यूटन बलाने वर ओढते. मात्र तेवढ्या वेळात पृथ्वी जितकी सरकते, ते अंतर अणुकेंद्रकाच्या व्यासाच्या कोट्यंशाहूनही कमी भरते.

जड वस्तू आधी पडते, हा समज जुना आहे. वस्तुमान दुप्पट झाले की बल दुप्पट होते, पण हलवायचे वस्तुमानही दुप्पट असते, त्यामुळे त्वरण तेच राहते. १९७१ मध्ये अपोलो १५ या चांद्रमोहिमेतील अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी हवा नसलेल्या चंद्रावर सोडलेले हातोडा आणि पीस एकाच वेळी खाली पोहोचले.

क्रिया-प्रतिक्रियेच्या जोड्या लावतानाही घोटाळा होतो. टेबलावरील पुस्तकाच्या वजनाची प्रतिक्रिया म्हणून टेबलाने वर दिलेला रेटा दाखवला जातो, पण तो वेगळ्याच जोडीतला आहे. वजनाची जोडी पुस्तकाने पृथ्वीला लावलेल्या ओढीशीच लागते.

गणितात सर्वाधिक गुण जातात ते अंतरापायी. सूत्रातील अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंतचे असते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असले तरी अंतर म्हणून पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ आणि उंची ४०० यांची बेरीज घ्यावी लागते, आणि मग तेथील गुरुत्व भूपृष्ठाच्या जवळजवळ ८९ टक्के निघते. अंतराळवीर तरंगतात ते गुरुत्व नसल्यामुळे नव्हे, तर स्थानकासह ते सतत पडत असल्यामुळे.

शेवटी उत्तराचा आवाका तपासावा. एक मीटर अंतरावरील ५० किलोग्रॅमच्या दोन व्यक्तींमधील बल, त्यांना बिंदुवस्तू मानल्यास, न्यूटनच्या सुमारे साठ लाखाव्या भागाइतके येते. १७९८ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ कॅव्हेंडिश यांनी शिशाच्या १५८ किलोग्रॅमच्या गोळ्यांची ओढ मोजली, तेव्हा हवेच्या झुळकीनेही मापन बिघडेल म्हणून ते खोलीबाहेरून दुर्बिणीतून पाहत होते. आपले उत्तर कोट्यवधी न्यूटनांहूनही मोठे आले असेल, तर सूत्रातील गुरुत्व स्थिरांकाच्या (G) दहाच्या घातांकातील ऋण चिन्ह लिहायचे राहून गेले आहे का, हे आधी पाहावे.